तबकड्यांना मज्जाव

फ्रान्समध्ये आव्हिन्योंच्या जवळ शातोनफ-द्यु-पाप नावाचं जेमतेम दोन हजार वस्तीचं गाव आहे. नाव घेताना जीभ ठेचकाळते आणि द्राक्षमळ्यात शिरलं की पाय. माती दिसायची मारामार, जिकडेतिकडे बटाट्यापासून नारळापर्यंतच्या आकाराचे गुळगुळीत गोटे! आपल्याकडे आधी ते वेचून बांधावर टाकले असते. इथे ते कौतुकाने दाखवतात. म्हणे दिवसभर तापून रात्री वेलींना ऊब देतात.

चौदाव्या शतकात आव्हिन्योंच्या पोपमंडळींनी इथे किल्ला बांधला, म्हणून नावात पोप. किल्ला पडला, वाइन टिकली. आणि तिच्यापायी नियम! दारूसारख्या बेशिस्त पदार्थाला इतकी शिस्त मी कुठे पाहिली नाही. १९२३ साली बॅरन ल र्‍वा या कायदा शिकलेल्या माजी लढाऊ वैमानिकाने गावकऱ्यांना हाताशी धरून ती लावायला घेतली. वेल कुठल्या जमिनीत, छाटणी कशी, मद्यार्क किमान साडेबारा टक्के, तोडणी हातानेच. द्राक्षाच्या तेरा जाती चालतात, चौदावी नाही. आमच्या सोसायटीत स्कूटर कुठे लावायची यावर अजून एकमत व्हायचंय.

नियमांची इतकी सवय लागल्यावर आभाळ तेवढं मोकाट कसं सोडायचं? १९५४च्या शरदात फ्रान्सभर लोकांना उडत्या तबकड्या दिसू लागल्या. ऑक्टोबरात इथले मेअर, म्हणजे सरपंचच, ल्युसियाँ झ्यन यांनी हुकूम काढला: उडती तबकडी किंवा उडता सिगार, मग तो कुठल्याही देशाचा असो, गावच्या हद्दीवरून उडणार नाही, उतरणार नाही. उतरलाच तर थेट कोंडवाड्यात!

‘कुठल्याही देशाचा’ यावर मी फिदा आहे. मंगळवाल्याला पासपोर्ट विचारणारा सरपंच! जाहिरातीसाठी केलं म्हणतात, असेलही. पण २०१६ साली त्या वेळच्या मेअरनीही हुकूम मागे घ्यायला नकार दिला.

कॅलिफोर्नियातल्या एका वाइनवाल्याने यावरून आपल्या वाइनचं नावच ‘उडता सिगार’ ठेवलं आणि लेबलावर मळ्यावर तरंगणारं यान छापलं. ती बाटली या गावात आणली तर जप्त होईल का, असं मी एका तळघरातल्या आजोबांना विचारलं. त्यांनी पेला खाली ठेवला, नीट विचार केला.

“हवेतून उतरली तर हो,” ते म्हणाले. “मोटारीतून आणली असेल तर आमची हरकत नाही.”