रिपोर्ट नॉर्मल इलो, मगे गोळी कित्याक?

सिंधुदुर्गातल्या जामसंड्यात कोलेस्टेरॉलची गोळी बंद पडते ती बहुतेक वेळा चांगल्या बातमीने. तीन महिने गोळी खाल्ली, रक्त तपासलं, आकडा उतरला. “रिपोर्ट नॉर्मल इलो, मगे गोळी कित्याक?” प्रश्न रास्त आहे. ताप उतरला की तापाची गोळी थांबते, हे आपण लहानपणापासून बघतो. हा आकडा मात्र गोळीनेच खाली धरलेला असतो आणि ती सुटली की काही आठवड्यांत पुन्हा चढतो. दवाखान्यात हे एक वाक्य कुणी बोललंच नाही, तर बागेत राबणाऱ्या माणसाला ते कळावं कसं? त्याला बेफिकीर ठरवणं मला मान्य नाही.

अँजिओप्लास्टी करून आलेल्यांचं तर फारच वाईट वाटतं. बांबोळीला किंवा कोल्हापूरला धावत न्यायचं, जीव वाचवून आणायचा आणि वर्षभरात गोळी सोडून द्यायची! १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची हीच गोळी, घेणाऱ्यांत पाच वर्षांत मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले होते. एवढं देणारी गोळी कपाटात पडून राहते.

“गोळयेन पाय दुखतत,” हे दुसरं कारण. ते हसण्यावारी नेऊ नये. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना लंडनच्या संशोधकांनी काही महिने खरी गोळी दिली, काही महिने औषध नसलेली, काही महिने काहीच नाही. २०२० साली निष्कर्ष आला: खऱ्या गोळीवर जेवढा त्रास, त्याच्या सुमारे ९० टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीवरही झाला. दुखणं खरंच होतं, पण दोष बहुतांशी औषधाचा नव्हता. तेव्हा परस्पर गोळी सोडू नका, डॉक्टरांना सांगा. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं. स्नायू फार दुखले, लघवी काळपट झाली, तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

आणि गोळी रात्रीच हवी, हा हट्ट कशाला? अ‍ॅटोरवास्टॅटिन किंवा रोसुवास्टॅटिन दिवसा कधीही चालते. सकाळच्या पेजेबरोबर बीपीची गोळी घेताच ना, तिच्याच जोडीला ही घ्या. वेगळी आठवण ठेवायला नको.

गोळी सुटू न देणं आपल्या जिल्ह्याला जमणार नाही असं कुणी म्हणू नये. रक्तदाबासाठीच्या राष्ट्रीय उपक्रमात महाराष्ट्रातले जे जिल्हे सुरुवातीला निवडले, त्यांत सिंधुदुर्ग होता. ठरलेली औषधं, महिनाभराच्या गोळ्या घराजवळच्या केंद्रात, प्रत्येक रुग्णाची नोंद आणि जो आला नाही त्याची चौकशी, अशी ती पद्धत. २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या पातळीवर या उपक्रमाचा गौरव झाला. ओरडा न खाता माणूस परत येतो, कारण कुणीतरी त्याची वाट बघतंय हे त्याला ठाऊक असतं. कोलेस्टेरॉलच्या पेशंटची अशी चौकशी कोण करतं? गोळ्या मुंबईचा मुलगा गणपतीत घेऊन येतो आणि त्या संपल्या की पुढच्या फेरीपर्यंत पाकीट रिकामं.

तीच नोंद, तीच चौकशी या गोळीलाही लावा. आणि मार्च ते मे हापूस सोडून कुणी दवाखान्याची पायरी चढणार नाही, हे धरूनच चला: फेब्रुवारीतच तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम हातात द्या.