गावात घर बांधू इच्छिणाऱ्यांसाठी सूचना

गावठाणात घर बांधायला परवानगी लागत नाही, हे इच्छुकांनी आधी ध्यानात घ्यावे. बांधकाम 150 चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे 1,614 चौरस फुटांपर्यंत असेल तर ग्रामपंचायतीला नुसते कळवायचे, असे ग्रामविकास विभागाने 2021 च्या सुरुवातीला सांगून टाकले आहे. सोबत मालकीची कागदपत्रे, नकाशा आणि परवानाधारक अभियंत्याचा दाखला जोडला की झाले. त्याहून मोठे, 300 चौरस मीटरपर्यंतचे घर असेल तर ग्रामपंचायतीने दहा दिवसांत बांधकाम सुरू करण्याचे प्रमाणपत्र द्यायचे आहे. नकाशा अभियंता काढतो, दाखलाही तोच देतो. उरली मालकीची कागदपत्रे. ही मार्गदर्शिका मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

गावठाणातल्या जागेला सातबारा नसतो. तिथे चालतो तो ग्रामपंचायतीचा नमुना 8. हा आणि तलाठ्याकडचा 8-अ या दोन निराळ्या वस्तू असून, आपण जो घेऊन जाल त्याऐवजी दुसरा हवा होता असे सांगण्यात येईल. म्हणून दोन्ही न्यावेत. नमुना 8 ही घरपट्टीच्या आकारणीची नोंदवही आहे. तो मालकीचा पुरावा नव्हे. तरीही मालकीचा पुरावा मागताना तोच मागतात. या पेचावर उपाय म्हणून केंद्र सरकारने 24 एप्रिल 2020 रोजी स्वामित्व योजना आणली. गावठाणांवरून ड्रोन फिरले, नकाशे झाले, मालमत्ता पत्रके निघाली. ड्रोनला वरून छपरे आणि भिंती स्पष्ट दिसल्या. त्या भिंतींच्या आतली भाऊबंदकी वरून दिसत नाही, ती खाली उतरूनच पाहावी लागते.

उताऱ्यावर आपले नाव असेल अशी समजूत असल्यास ती सोडावी. तिथे पणजोबा आहेत. ते वारल्याचे गावात सर्वांना माहीत आहे, फक्त दप्तराला कोणी कळवलेले नाही. त्यांच्यामागे आजोबा आणि आजोबांचे तीन भाऊ. एक गिरणीत लागला तो मुंबईचाच झाला, एक निपुत्रिक वारला असे म्हणतात, आणि एकाविषयी घरात बोलत नाहीत. अर्जदाराने वंशावळ काढायला बसावे. कागद मोठा घ्यावा आणि घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला शेजारी बसवावे, कारण पुरुषांना फक्त वाटण्या आठवतात, माणसे आठवत नाहीत.

वंशावळ पूर्ण होता होता आपल्याला चार आत्या आहेत याचा शोध लागेल. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे, त्यामुळे आता हक्कसोडपत्रावर त्यांच्या सह्या हव्यात, आणि त्या दुय्यम निबंधकासमोर. दहा वर्षांत ज्या आत्याला एक फोन केला नाही, तिच्या दारात पेढ्याचा पुडा आणि साडी घेऊन उभे राहण्याची कला इथे शिकवता येणार नाही. एवढे सांगता येईल, की कागदाचा विषय चहाच्या आधी काढू नये. आत्या ‘विचार करून सांगते’ म्हणाली तर तिला कोणी फितवले असा बोभाटा करू नये. तिने विचार केलाय आणि तो बरोबर आहे.

नाव लागल्यावर जागा. भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करून पैसे भरावेत. लगतच्या धारकांना नोटिसा जातात. वीस वर्षे आपल्याशी न बोललेला चुलता त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून सर्वांच्या आधी हजर असतो. मोजणीदार यंत्र लावतो, खुणा दाखवतो आणि जातो. खुणांचे दगड रात्री चालतात हे ग्रामीण भागात सर्वमान्य आहे, त्यामुळे मोजणी नकाशाची ‘क’ प्रत हातात पडेपर्यंत जोत्याची चर मारू नये. आणि चुलत्याला वास्तुशांतीचे आमंत्रण आजच देऊन ठेवावे. तहसीलदाराचा हुकूम मिळालेली घरे गावोगाव अर्धवट उभी आहेत; चुलत्याची हरकत नसलेले घर अडलेले ऐकिवात नाही.

गावठाणात जागाच उरली नाही म्हणून शेतात बांधायचे असेल तर मामला बिनशेतीचा होतो. जमीन महसूल संहितेच्या कलम 42-ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतली, आराखड्यात निवासी दाखवलेली जमीन बिनशेती झाली आहे असेच मानतात. रूपांतरण कर आणि आकारणी भरली की सनद. पण ही हद्द म्हणजे गाव जिथे संपते ती जागा नव्हे. गाव केव्हाच ओढ्यापलीकडे गेले; हद्द मात्र अजून नकाशातच, आपण ज्याला मधली आळी म्हणतो तिच्या मागे बसली आहे. ‘शेतघर आहे, शेतघराला बिनशेती लागत नाही’ असा सल्ला पारावर फुकट मिळतो. संहितेत शेतीच्या उपयोगासाठी शेतघर बांधायची मुभा आहे हे खरे, पण दोन मजले, काचेचा दर्शनी भाग आणि गच्चीवर झोपाळा यांचा उसाला काय उपयोग, हे नंतर लेखी खुलाशात सांगावे लागते.

आता प्रत्यक्ष अर्ज. 2024 पासून ग्रामसेवक हे ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठी हे ग्राम महसूल अधिकारी झाले असले, तरी दोघांनाही भाऊसाहेब म्हणावे. भाऊसाहेबांकडे एकाहून जास्त गावे असतात आणि ते नेहमी त्यातल्या दुसऱ्या गावी असतात. तिथे गेल्यास पंचायत समितीत मीटिंगला गेल्याचे कळते. खचून न जाता संगणक परिचालकाशी ओळख वाढवावी. ग्रामपंचायत कुठे आहे हे त्याला ठाऊक असते, कारण तो तिथे बसतो. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी तो आपण विचारण्याआधी सांगेल. ती भरावी, त्याखेरीज पुढचा कागद हलत नाही. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, तरी स्टँप मागतील. इथे शासन निर्णय दाखवायचा की स्टँप आणायचा, हे ज्याने त्याने आपल्या वयानुसार ठरवावे.

अर्ज कोणताही असो, त्याची पोच घ्यावी, आणि पोच घेतल्याचे कोणाला जाणवू देऊ नये. ‘पोच कशाला, आपलंच ऑफिस आहे’ असे कोणी म्हणाले तर हसावे आणि दुसरी प्रत शिक्क्याखाली सरकवावी. जिथे नगररचना अधिनियमाखाली परवानगी लागते तिथे 60 दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे मानायची तरतूद आहे. मात्र बांधकाम नियमांना धरून असेल तरच. ते नियमांना धरून होते की नाही, हे पुढे कधी तरी तेच कार्यालय ठरवते ज्याने 60 दिवस उत्तर दिले नाही. शिवाय मुदत सरता सरता त्रुटीपत्र येते. त्यात चतुःसीमेमध्ये ‘पूर्वेस रस्ता’ लिहिले आहे तो रस्ता कोणाचा, असे विचारलेले असते. उत्तर द्यावे. रस्ता ग्रामपंचायतीचा असल्यास तसे ग्रामपंचायतीला कळवावे.

एवढे झाल्यावर बँकेत जावे. गृहकर्जाच्या यादीत ‘सक्षम प्राधिकाऱ्याची बांधकाम परवानगी’ हा रकाना असतो. परवानगीची गरज नाही, असे तोंडी सांगून भागत नाही. गरज नाही असे सक्षम प्राधिकाऱ्याने लेखी द्यायला हवे. भाऊसाहेब म्हणतात, ज्याची गरज नाही त्याचा दाखला आमच्या नमुन्यात नाही. बँक म्हणते, नमुन्यात नसेल तर लेटरहेडवर चालेल. लेटरहेड सरपंचांकडे, सरपंच लग्नात, आणि त्यांची सही असली तरी जावक क्रमांक भाऊसाहेबांकडे. इथे बहुतेक अर्जदार कर्जाचा नाद सोडून दागिने मोडतात. गावातली बरीच पक्की घरे अशीच बांधलेली आहेत.

स्लॅब पडला की पाणी मारायला लागावे. पुढचे काही करावे लागत नाही. गिलावा ओला असतानाच ग्रामपंचायतीचा माणूस टेप घेऊन दारात येतो आणि नव्या आकारणीसाठी घर मोजतो. या साऱ्या प्रकरणात अर्ज न करता मिळालेली ही एकच सेवा. त्याला टेपचे दुसरे टोक धरून द्यावे, चहा द्यावा. ओसरी क्षेत्रफळात धरायची की नाही यावर आवाज चढवू नये, कारण हरकतीचा अर्ज त्याच्याच टेबलावर द्यायचा आहे, आणि त्याला नवा नमुना 8 जोडावा लागतो.