फाइव्हस्टार भाऊ

कोरीटला कुणाच्या घरी चारचाकी घ्यायचं नुसतं घाटलं, की पैशांची जुळवाजुळव व्हायच्या आत फाइव्हस्टार भाऊ ओसरीवर हजर. बोलावलेलं नसतं. बातमी त्याला कुठून लागते देव जाणे. बहुधा कर्जवाला माणूस घराचा फोटो काढून गेला की त्याच्या मागोमाग हा चपला काढत येतो. पाणी पितो, फाटकाची रुंदी डोळ्यांनीच मोजतो आणि विचारतो, "बजेट कितलं शे, आबा?"

हे चित्र कुणा एकाचं समजू नये. असा भाऊ शहाद्यात आहे, तळोद्यात आहे, नवापुरातही आहे. कोरीटचा वाण तेवढा अस्सल. वय पस्तीसच्या पुढे, डी.एड. झालेलं, नोकरी न लागलेली, शेतात पपई, खिशात दोन मोबाइल. बायको म्हणते त्याला पोरांच्या इयत्ता सांगता येत नाहीत. पण २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपने आपल्या पाच लोकप्रिय गाड्या ठोकून पाहिल्या आणि पाचही शून्यावर बाद झाल्या, हे तो झोपेतून उठवलं तरी नावानिशी सांगेल: अल्टो, नॅनो, फिगो, आय-टेन, पोलो. २०१८ च्या डिसेंबरात नेक्सॉनला पाच तारे मिळाले तेव्हा त्याने टपरीवर सगळ्यांना चहा पाजला होता. स्वतःच्या लग्नाची तारीख तो त्यावरून मागेपुढे मोजतो.

घराणंच पारखी. आजोबा दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जायचे ते विकत घ्यायला नव्हे, दुसऱ्याचा घोडा बघून द्यायला. भोवरा कपाळावर आहे की पोटाखाली, गळ्याशी देवमण आहे का, जनावर पंचकल्याणी आहे का, हे बघून म्हातारा मान हलवायचा आणि मग सौदा व्हायचा. आजोबांनी भोवरे मोजले, नातू तारे मोजतो. वर बसणाऱ्याची लक्षणं बघायची पद्धत त्या घरात तेव्हाही नव्हती, आताही नाही.

पण त्याला ज्ञान नाही असं म्हणवत नाही. इतर जाणकार दारावर टिचकी मारून "पत्रा पातळ शे" म्हणतात, त्यांची तो कीव करतो. "पत्रा नही, बॉडीशेल देखनं पडस." मग गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर कशी घालतात, आत पुतळे कसे बसवलेले असतात, गाडीचं नाक चुरगळतं म्हणूनच माणूस कसा वाचतो, हे तो पानाच्या डब्याने पाटावर करून दाखवतो. आबा सगळं मन लावून ऐकतात.

"मंग नवी गाडी चुरगळाकरताच लेवानी का?"

"तसं नही, आबा. तारा देखा, तारा! मायलेज नंतर."

"तारा आकाशमा शेतस. लिटरले कितलं देस, ते सांग."

इथे भाऊ थोडा वेळ गप्प होतो. ज्या मुलखात डिझेल भरायला लोक मुद्दाम गुजरात हद्दीत निझरपर्यंत जातात, तिथे हा प्रश्न गैर आहे असं त्यालाही म्हणता येत नाही. तोही तिथेच भरतो.

त्याची स्वतःची गाडी बोलेरो. जुनी, सुरतेहून आणलेली, जीजे ०५. "शेठ लोकांची गाडी, तिने धूळ देखेल नही," असं तो सांगतो; कागद नंदुरबारच्या एमएच ३९ वर यायला जे हेलपाटे पडले ते सांगत नाही. २०१९ च्या जुलैपासून प्रत्येक नव्या मोटारीत ड्रायव्हरपुढे एअरबॅग सक्तीची झाली. भाऊची बोलेरो त्याच्या कितीतरी आधीची, त्यामुळे तिच्यात फुगण्यासारखा फक्त मालक. पुढे तिला लोखंडी गार्ड आहे. अशा गार्डवर कारवाई करा असं केंद्राने २०१७ मध्येच राज्यांना कळवलं. गार्डमुळे धक्का सेन्सरपर्यंत नीट पोचत नाही आणि समोरचा पायी माणूस हकनाक जातो. भाऊला हे पाठ आहे. पण आपल्या गाडीत सेन्सरच नाही तेव्हा गार्डचा काय दोष, हा त्याचा युक्तिवाद. पायी माणसाचा मुद्दा तो पुढच्या वेळी घेणार आहे.

आता त्याचं नाव. इन्स्टाग्रामवर तो 'नेक्सॉन_किंग_३९' आहे. नाव घेतलं त्या साली कापसाला भाव येणार होता, भाव आला की नेक्सॉन येणार होती, तेव्हा नाव आधीच घेऊन ठेवावं, नाहीतर दुसरा कुणी घेईल, असा हिशोब होता. भाव पडला, नाव राहिलं. नाव नेक्सॉनचं, फोटो मेहुण्याच्या स्कॉर्पिओसमोरचा, किल्ली बोलेरोची.

मला वाटतं ही नावं मोबाइलवर जन्मलेलीच नाहीत, ती नंबरप्लेटवरून तिकडे राहायला गेली. ४१४१ चा 'दादा', २१४ चा 'राम', ८०५५ चा 'बॉस' ही एकेकाळी पेंटरची कला होती. २०१९ च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांना एकाच छापाची हाय सिक्युरिटी प्लेट आली, मग मुदतीमागून मुदती वाढवत जुन्या गाड्यांनाही ती लागली, आणि दादा बेघर झाला. काही दिवस तो मागच्या काचेवर राहिला. तिथे आधीच सप्तशृंगी, धडगावकडे जाणाऱ्या पिकअपवर याहामोगी आणि खाली पोरांची नावं, दाटी झाली. शेवटी तो मोबाइलमध्ये शिरला.

भाऊच्या कंपूतली सगळी मंडळी अशीच. 'एमएच१८_कायम' हे एक निवृत्त गुरुजी: नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यापासून वेगळा झाला, पण गुरुजींची पहिली जीप धुळ्याच्या नंबरची होती आणि ती फाळणी त्यांनी अजून मान्य केलेली नाही. 'पपई_डॉन'चे ट्रक उत्तरेकडे जातात, तो स्वतः कोरीट नाक्याच्या पुढे क्वचितच जातो. 'साईडग्लास_सम्राट' हे नाव दुसऱ्यांनी दिलेलं. उसाच्या ट्रॉलीने रात्री त्याचा आरसा नेला. नवा बसवला, तोही नेला. ट्रॉलीला मागे ना लाइट ना लाल पट्टी, वर ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर हंगामात रात्री गाडी चालवलेल्या कुणालाही विचारा. ट्रॉलीला किती तारे, हे मात्र भाऊच्या तक्त्यात नाही.

सीटच्या पट्ट्याचं म्हणाल तर भाऊ पट्टा लावत नाही, धरतो. चौफुलीवर खाकी दिसली की डाव्या हाताने ओढून छातीवर, पोलीस मागे पडला की सोडून. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ मोटार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, मागच्या सीटवर, पट्ट्याविना. तेव्हा भाऊने ओसऱ्या-ओसऱ्यांवर सभा घेतल्या आणि खरोखर पंधराएक दिवस मागे बसणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा पट्टा शोधत होत्या. तो सीटखाली कोंबलेला निघायचा, सोबत बोरांच्या बिया आणि हरवलेली अंगठी. नंतर दिवाळी आली आणि सात जणांच्या गाडीत अकरा जण बसू लागले. अकराव्याला पट्टा कुठून आणणार?

सगळ्यात नामी चीज त्याच्या खिशात असते. नवी गाडी दारात आली, नारळ फुटला, चाकाखाली लिंबू ठेवलं, की भाऊ पेढ्याआधी मालकाच्या हातात एक चपटी क्लिप ठेवतो. खाचेत घातली की पट्टा न लावताही पी-पी बंद. २०२३ च्या मे महिन्यात ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन कंपन्यांना ही विकायची बंद करा म्हणून आदेश दिला. भाऊकडे साठा त्याआधीचा आहे. पाच ताऱ्यांची गाडी घ्यायला लावून तिच्या तोंडात हे बूच घालणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि देताना चेहऱ्यावर भाव असा, की आहेर करतोय.

आबांच्या गाडीचं सांगायचं राहिलं. पावसाळाभर चर्चा चालली. हॅरियर झाली, एक्सयूव्ही झाली, भारत एनकॅपचे निकाल झाले. धनत्रयोदशीला आबांनी एर्टिगा आणली, सीएनजीवाली. २०२४ साली ग्लोबल एनकॅपने तिला एकच तारा दिला होता, हे आबांनी भाऊकडूनच सहा वेळा ऐकलं होतं. गाव श्वास रोखून भाऊकडे बघू लागलं. भाऊने गाडीभोवती फेरी मारली, दार उघडलं, मिटलं, आवाज ऐकला आणि म्हणाला, "आबाना रस्ता कितला? कोरीट ते नंदुरबार. तेवढाले एक तारा भरपूर शे."

क्लिप त्याने काढली, पण आबांच्या सुनेने ती घेतली आणि चुलीत टाकली. प्लॅस्टिकचा वास तेवढा सुटला. तिने आबांना पट्टा लावला, पोराला मागे बसवून त्यालाही लावला आणि स्टिअरिंगवर स्वतः बसली. भाऊ पुढच्या सीटवर बसायला गेला तेव्हा गाडी पी-पी करू लागली आणि तो पट्टा लावेपर्यंत बाईंनी गिअर टाकला नाही.

संध्याकाळपर्यंत नातवाने आजोबांना इन्स्टाग्रामवर खातं उघडून दिलं. फोटोत आबा टोपी घालून बॉनेटवर हात ठेवून उभे आहेत. नाव आहे 'कितलं_देस_३९'. पहिल्याच रात्री फॉलोअर भाऊपेक्षा जास्त झाले, आणि भाऊ तेव्हापासून नाव बदलायच्या विचारात आहे.