चढउतार : अर्थ आणि उपयोग

‘चढउतार’ हे पुल्लिंगी नाम असून ते बहुधा अनेकवचनात वापरतात. एकुलता एक चढउतार कोणाच्या वाट्याला आल्याचे ऐकिवात नाही. येतात ते ‘अनेक’, आणि माणूस ते ‘पाहतो’. भोगतो असे म्हणण्याची पद्धत नाही.

शब्द मूळचा रस्त्यावरचा, म्हणजे घाटातला. मराठी माणूस आधी चढतो आणि मग उतरतो. हिंदीत हाच प्रकार ‘उतार-चढाव’ असा उलटा आहे. त्यामुळे हिंदी भाषकाचा शेवट वरच्या अंगाला होतो आणि मराठी भाषकाची गाडी नेमकी उतारावर थांबते.

चढउतार म्हणवून घेण्यासाठी तीन अटी आहेत. पहिली, बदल दोन्ही दिशांनी व्हावा. शाळेची फी नुसतीच चढते, म्हणून तिला हा शब्द लागू नाही. दुसरी, बदल बेभरवशाचा हवा. समुद्राचे पाणीही चढते-उतरते, पण कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. अष्टमी असेल तर साधारण सहा वाजता. तोंडी हिशेबात बसणाऱ्या गोष्टीला भरती-ओहोटी म्हणतात, चढउतार नव्हे. तिसरी, जिच्या वरखाली व्हायचे अशी एक पातळी हवी. घरातली वीज २३० व्होल्टच्या अलीकडे-पलीकडे करते तोवर चढउतार. पार नाहीशी झाली की ‘लाइट गेली’.

तिन्ही अटी निष्ठेने पाळणारा पदार्थ म्हणजे कांदा. उन्हाळी कांदा एप्रिल-मेच्या सुमारास चाळीत जातो आणि खरिपाचा लाल कांदा येईपर्यंत तोच पुरवायचा असतो. मधल्या काळात काही सडतो, काहींना कोंब फुटतात, पाऊस लांबतो किंवा नको तेव्हा येतो आणि लासलगावच्या लिलावात भाव हलतो. एवढ्याने पुरेशी अनियमितता आली नाही तर दिल्ली हातभार लावते. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद झाली, मे २०२४ मध्ये ती अटींसह खुली झाली आणि एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेले. भाव चढला की शहर रडते, उतरला की निफाडचा शेतकरी. १९९८ मध्ये दिल्लीतला सत्ताधारी पक्ष विधानसभा निवडणूक हरला, तेव्हा त्या निकालाचे बरेचसे श्रेय कांद्याला मिळाले.

पाऊस मात्र ‘लहरी’ असतो. ज्याला नावे ठेवता येतात त्याचा स्वभाव काढायचा आणि ज्याला ठेवता येत नाहीत त्याचे चढउतार मोजायचे, असा हा भेद आहे.

शब्दात चढ आणि उतार समसमान असले तरी वापरात तसे नाही. ३ जून २०२४ रोजी सेन्सेक्स २,५०० अंकांनी वर गेला आणि दुसऱ्याच दिवशी ४,३०० हून अधिक अंकांनी कोसळला. अशा जोडीतल्या पहिल्या दिवसाला ‘तेजी’ म्हणतात. ‘बाजारात चढउतार चालायचेच’ हे वाक्य दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवलेले असते आणि ते नेहमी पैसे न गमावलेला माणूस उच्चारतो. थोडक्यात, चढउतार म्हणजे उताराचे सभ्य नाव.

सत्कार समारंभात याच्या उलट घडते. ‘यांनी आयुष्यात अनेक चढउतार पाहिले’ असे म्हणताना उत्सवमूर्ती चढावर असावी लागते. उतारावरच्या माणसाला शाल-श्रीफळ मिळत नाही. त्याला ‘दिवस फिरले’ एवढ्यावर भागवावे लागते. राजकारणात हाच शब्द पक्षांतरांची संख्या न सांगण्याच्या कामी येतो.

घरच्या गोष्टी बोलताना लोक हा शब्द सहसा वापरत नाहीत. रक्तदाबाचे चढउतार डॉक्टरांच्या कागदावर होतात. घरी आजोबांचे ‘बीपी वरखाली’ होते. पैशांबाबतही विभागणी स्पष्ट आहे. दुसऱ्याच्या गुंतवणुकीत चढउतार होतात, स्वतःची असली की जीव खालीवर होतो. व्याकरणात हा नियम दिलेला नाही, तरी तो मोडल्याचे उदाहरण सापडणे कठीण.