वाशिमात गोदी काढायची असेल तर

पहिलं काम जागेचं. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा वाटणीत समुद्र काही आला नाही. अकोल्याकडेच नव्हता, तर भांडणार कोणाशी? पण हिरमुसू नका. कोकणवाल्याला एकच समुद्र, आपल्याला दोन. काटा गावाजवळ पडलेला पाऊस काटेपूर्णेतून पूर्णेत, तिथून तापीत आणि शेवटी अरबी समुद्रात जातो. रिसोडकडचा पाऊस पैनगंगेत शिरतो आणि वर्धा, प्राणहिता, गोदावरी असे मुक्काम करत बंगालच्या उपसागराला लागतो. तेव्हा प्लॉटचा सौदा करण्याआधी गिऱ्हाईक कोणत्या किनाऱ्याचं हवं ते ठरवा. (जहाज चढावर येणार कसं, हा विषय बँकेच्या साहेबांनी काढल्याशिवाय आपण काढू नये.)

मग सुकी गोदी समजून घ्या. जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी उपसायचं. पाणी उतरेल तसं जहाज खाली मांडलेल्या ठोकळ्यांवर अलगद टेकतं. ठोकळे मांडताना बुडाचा नकाशा हाताशी लागतो; एखादा चुकीच्या जागी पडला की पत्रा आत दबलाच. मुंबईत अशी गोदी १७५० मध्ये उभी राहिली. १७३६ साली सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्यानं तिथं पिढ्यान्‌पिढ्या जहाजं घडवली. त्यांच्या १८१७ च्या ‘त्रिंकोमाली’चा सागवानी सांगाडा इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगतो आहे. आपल्याला उपशाचा खर्च नाही. मे महिन्यात अख्खा जिल्हा सुकी गोदीच असतो.

माल घरचाच. लाकडी नावेच्या फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकून भरतात आणि वरून तेल-राळेनं बुजवतात. कापूस कारंज्याच्या बाजारात, जवस शेतात. नांगर तर घरोघरी! फक्त दर्यावर्द्याचा नांगर थांबायला असतो आणि आपला पुढे जायला, एवढं नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगा.

खरी खोट पाण्यात आहे. खाऱ्या पाण्यात बुडावर शेवाळ-शिंपले चढतात, लाकूड पोखरणारा किडा लागतो, म्हणून तर जहाज पुन्हा पुन्हा गोदीची पायरी चढतं. गोड्या पाण्यात थोडं शेवाळ सोडलं तर हा त्रास फारसा नाही. आमच्या तलावांवर थर्माकोलच्या तुकड्यावर बसून जाळं टाकणारा भोई तुमच्याकडे कशाची दुरुस्ती करायला येईल?

तरी एक गिऱ्हाईक येतंच. पावसाळ्याच्या तोंडावर पुरासाठी ठेवलेली रबरी बोट कोठीतून बाहेर निघते आणि तिचं इंजिन बोअरच्या मोटारी भरणाऱ्या मिस्त्रीपुढे येऊन पडतं. बोटीबरोबर आलेला माणूस दोरी ओढायला जातो, तर मिस्त्री ओरडतो, “भाऊ, इले कोरडी नोको चालू करू, पंखा जळते!” बरोबर आहे. हे इंजिन खालून पाणी ओढून स्वतःला गार ठेवतं. कोरडं फिरलं की पंपातला रबरी पंखा थोड्याच वेळात जातो. म्हणून पाण्यानं भरलेलं टिपाड आणायचं, त्यात इंजिनाची शेपटी बुडवायची आणि मगच दोरी ओढायची. मुंबईला पाणी काढून दुरुस्ती होते, आपल्याकडे भरून.

गोदीवाले भरतीची वेळ बघून जहाज आत घेतात. तुम्ही नळाचा वार विचारून घ्या.