ओढगस्तीची सहल

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात बोरन लेक नावाचे उद्यान आहे. तिथली तळी आणि नद्या अशा शेजारी शेजारी आल्या आहेत, की वल्हवत निघालेला माणूस ११६ किलोमीटरचा फेरा मारून होता तिथेच परत येतो. एवढे कष्ट करून आपण कुठेच पोहोचत नाही, हे पत्नीच्या लगेच लक्षात आले. प्रदक्षिणेचेही तेच असते, असे मी म्हणालो. तर म्हणाली, तिथे मध्ये देव तरी असतो.

गोम अशी, की ही तळी एकमेकांना चिकटलेली नाहीत. मधल्या जंगलातून नाव ओढत न्यावी लागते. किबी तळे गाठायलाच २.४ किलोमीटर, तिथून इंडियनपॉइंट तळ्यापर्यंत आणखी दोन, मग आयझॅक तळ्यापर्यंत १.६. म्हणजे सहल पाण्यावरची आणि सुरुवात हमालीची. म्हणून कयाकला गाडी लागते, आणि म्हणून माझा अभ्यास सुरू झाला.

मी वस्तू विकत घेत नाही, तिचा अभ्यास करतो. पुष्कळदा अभ्यास पुरा होईतो गरज संपते आणि पैसे वाचतात. गाडीचा अभ्यास हिवाळाभर चालला. एका जातीची गाडी कयाकच्या बुडातल्या भोकांत दोन दांडे घालून बसते. आमच्या कयाकला भोके नव्हती, आणि ती पाडू नयेत असे पत्नीचे मत पडले. दुसरी शेपटाखाली बांधतात. सिमेंटच्या उतारावर ती छान, पण निम्मे ओझे ओढणाऱ्याच्या हातात राहते. आमची कयाक दोन माणसांची, रिकामी ४० किलोची. तेव्हा पोटाखाली बांधायची तिसरी जात ठरली.

मग चाके. वाळूसाठी फुगीर, मऊ चाके मिळतात. ती रुतत नाहीत, पण टोकदार दगडाला भितात. भरीव फोमची पंक्चर होत नाहीत, पण प्रत्येक दगडाची बातमी मनगटापर्यंत पोचवतात. हवेची धक्का गिळतात आणि पंक्चर होतात. मी हवेची घेतली, सोबत पंप आणि ठिगळे. आणि घेतली तीही मोठी, कारण इथे गणित आहे. आठ सेंटिमीटर उंचीच्या मुळावर २५ सेंटिमीटर व्यासाचे चाक चढवायला जेवढा जोर लागतो, त्याच्या जवळपास निम्म्यात ४० सेंटिमीटरचे चढते. मूळ चाकाच्या निम्म्या उंचीचे असेल, तर नुसते पुढे ओढून चाक कधीच चढणार नाही, ओढणारा कोणीही असो. हे मी पत्नीला आकृती काढून समजावले. ती तेव्हा फोनवर होती.

फोनवर तिचे थोरले भाऊ होते. अण्णा. सांगलीकडे ऊस पिकवतात, आणि त्या उन्हाळ्यात ते आमच्याकडे येणार होते. पत्नीने त्यांना परस्पर माझ्या कयाकमध्ये बसवून टाकले.

अण्णा आले तेव्हा गाडी बैठकीच्या खोलीत गालिच्यावर उभी होती. मी चाकांबद्दल सांगायला लागलो, पण अण्णांनी चाकांकडे पाहिलेच नाही. उकिडवे बसले आणि आसाच्या टोकाला बोट लावून म्हणाले,

“ह्ये काय ओ, दाजी?”

“पिन. चाक बाहेर येऊ नये म्हणून.”

“समदं हिच्यावरच?”

“स्टेनलेस स्टील आहे, अण्णा.”

“आसंल. पर ढिली हाय.”

मी त्यांना तुलनेचा तक्ता दाखवला. त्यात चाकाचा व्यास, आसाची रुंदी, भारक्षमता, घडी घातल्यावरची जाडी, सगळे होते. पिनेला रकाना नव्हता, कारण पिन ही काही सुशिक्षित माणसाने अभ्यास करण्याची वस्तू नव्हे.

व्हँकुव्हरहून क्वेनेल साडेसहाशे किलोमीटर, पुढे वेल्स, आणि वेल्सनंतर खडीचा रस्ता. वाटेत बार्करव्हिल हे सोन्याच्या शोधात वसलेले गाव लागते. ते बघण्यासारखे आहे म्हणतात. मला रस तिथे जाणाऱ्या जुन्या गाडीरस्त्यात. तो होण्याआधी, १८६२ साली, या खाणींकडे सामान न्यायला कुणा हुशार माणसांनी सुमारे दोन डझन उंट आणले होते. उंटांचे पाय दगडांनी सोलपटले, त्यांच्या वासाने खेचरे उधळली आणि धंदा बुडाला. १८६५ मध्ये गाडीरस्ता बार्करव्हिलला पोचला. हे सगळे मी अण्णांना सांगितले.

“हितं बैल न्हवते व्हय?”

“होते की.”

“मग उंट कशाला?” असे म्हणून ते झोपले.

उद्यानाच्या केंद्रावर सामानाचे वजन होते. गाडीवरच्या नावेत २८ किलोपेक्षा जास्त सामान ठेवता येत नाही, कारण जड गाड्यांनी वाटेला चाकोऱ्या पडतात. बाकीचे पाठीवर. अण्णांनी सांगलीचे भडंग आणले होते. भडंगाला वजनच नसल्याने नियम त्याला पकडू शकला नाही, पण कयाकचा पुढचा कप्पा त्यानेच भरला. तांदूळ, कुकर आणि तंबू पाठीवर गेले. पाठ माझी. अण्णांच्या पाठीवर त्यांची वळकटी.

सुरुवातीलाच चढ. रात्री पाऊस पडून गेलेला. नायलॉनचे पट्टे भिजले की ताणतात, तसे ते ताणले, आणि गाडी हळूहळू मागे सरकून सगळे ओझे पुढे माझ्या हातात आले. अण्णा मागून म्हणाले, “धुरजड झाली, दाजी.” मी थांबून पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गाडी बरोबर मध्यावर आणली. पुस्तिकेला भडंगाची कल्पना नव्हती. कयाकचे नाक आभाळाकडे गेले आणि त्याला धरलेला मी चवड्यांवर आलो. “आता उलाळ झाली,” अण्णा म्हणाले. मग त्यांनीच ती वीतभर मागे घेतली, नाकाशी हाताला जेमतेम जाणवेल एवढे ओझे ठेवले, पट्टे आवळले, आणि म्हणाले, “चला.” ती चालली. माझ्याशी ती कधी अशी वागली नव्हती.

चढ संपून उतार लागला आणि मला डाव्या बाजूने एक चाक पुढे जाताना दिसले.

चाक आमचेच होते. माझी निवड बरोबर होती याचा याहून मोठा पुरावा मला नको. मुळे, दगड, चिखल, कशालाही न अडखळता, एकट्याच्या बळावर ते उतार उतरून वळणापर्यंत गेले आणि मग दलदलीत जाऊन आडवे झाले. इकडे कयाक कुशीवर कलंडली. मी कुकरसकट तिच्यावर. मागून एक कुटुंब त्यांची नाव ओढत येत होते. इथल्या रीतीप्रमाणे त्यांनीच आमची माफी मागितली.

पिन शोधली. गुडघ्यांवर बसून, चिखलात बोटे घालून, डासांना दोन्ही कान देऊन शोधली. स्टेनलेस स्टील गंजत नसल्यामुळे ती पिन पुढची कैक वर्षे त्या चिखलात उत्तम अवस्थेत राहील.

आणि मला खरा संताप येतो तो इथे. तीनशे डॉलर घेतलेल्या त्या खोक्यात गाडी भरायला कापडी पिशवी होती, मोटारीला चिकटवायला स्टिकर होता, चार भाषांत पुस्तिका होती. चार आण्यांची जादा पिन नव्हती. चाकावर यांचे अभियंते वर्षानुवर्षे खपतात, आणि ते चाक आसावर राहावे ही जबाबदारी केसांच्या आकड्याएवढ्या तारेवर टाकून घरी जातात. हे सगळे मी मोठ्याने बोललो. त्या कुटुंबातल्या मुलाने मला पाणी दिले.

अण्णांनी तोवर तंबूची एक खुंटी काढली होती. ती आसाच्या भोकात घातली, दगडावर ठेवून दुसऱ्या दगडाने वाकवली, चाक फिरवून पाहिले. मग माझ्या पिशवीतली खोबरेलाची बाटली काढून दोन्ही चाकांच्या तोंडाशी तेल सोडले. पुढचे ओढणे त्यांनी स्वतःकडे घेतले. मी मागे.

थोड्या वेळाने पुढून आवाज यायला लागला. जिभेचा टकटक, मग “हो, हो, दमानं.” मला वाटले मला म्हणताहेत. ते कयाकला म्हणत होते. चढ आला की नाकावर हात फिरवायचे.

“अण्णा, बैल आहेत अजून?”

“विकली. चार वर्षं झाली. पोरगं ट्रॅक्टर चालवतंय, मग दावणीला बसवून खायला घालायचं कुठलं?” काही पावले ते बोलले नाहीत. “गिऱ्हाईक मोप मिळालं. मी रानात गेल्तो त्या वक्ताला. जाताना बघावं लागू नये म्हणून.” मग मुळावरून चाक चढवताना पुन्हा, “हो, राजा.”

मी माझी पाठपिशवी जरा वर ओढली आणि तांदूळ जड आहे याबद्दल काही बोललो नाही.

आयझॅक तळे ३८ किलोमीटर लांब आहे, दोन्ही बाजूंना डोंगर, आणि त्याविषयी इतरांनी भरपूर लिहून ठेवले आहे. मुक्कामावर अस्वलांपासून अन्न सांभाळायला पेट्या असतात. ज्याला वास आहे ते सगळे त्यांत ठेवायचे. त्यामुळे रात्री भडंगाशेजारी आमची खोबरेल लावलेली दोन चाके झोपायची, आणि एक खुंटी कमी असलेल्या तंबूत आम्ही. तंबू माझ्या बाजूने फडफडायचा.

फेरा पुरा करून केंद्रावर आलो तेव्हा तिथल्या बाईंनी विचारले, वाटेबद्दल काही सूचना? मी पिनांविषयी बोलायला तोंड उघडले, पण अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“सांगा त्यास्नी. चढाला पाच-सहा ब्रास मुरूम टाका म्हणावं. टॅक्टर मी लावून देतो.”

बाई पेन उघडून माझ्याकडे बघत होत्या.