चेसिसवर बोंबील

खारदांड्यात ज्याची होडी तो नाखवा. आमच्या गल्लीतल्या एका नाखव्याकडे मात्र होडी नाही, बग्गी आहे. आणि खरं सांगायचं तर तीही 'आहे' म्हणण्यासारखी नाही. इंजिन पलंगाखाली, सीट पोटमाळ्यावर, चारही चाकं मेहुण्याच्या दारात आणि मोडकी चेसिस अंगणात. हा सगळा पसारा मिळून जी वस्तू होते तिला तो 'माझी रेसची गाडी' म्हणतो. वाडी त्याला बग्गीनाखवा म्हणते.

धंद्याने तो होड्यांची डिझेल इंजिनं दुरुस्त करतो, आणि त्यात त्याचा हात धरणारा दांड्यात दुसरा नाही. दुसऱ्याचं बंद पडलेलं इंजिन भरतीच्या आत सुरू करून देईल. स्वतःच्या बग्गीसाठी नवी चेसिस निवडायला त्याला किती काळ लागला, याचा हिशोब फक्त त्याच्या बायकोकडे आहे आणि ती तो भांडणातच काढते.

जुनी चेसिस मोडली ती लोणावळ्याच्या बाजूला, चिखलातल्या एका हौशी शर्यतीत. उंचवट्यावरून गाडी उडाली, उतरताना पुढच्या आर्मचं ब्रॅकेट पाइपसकट फाटून हातात आलं. हातात म्हणजे अक्षरशः. ते अजून टीव्हीशेजारी ठेवलेलं आहे. कारण तसं साधं होतं. समुद्राकाठी पाइप बाहेरून रंगवता येतो, आतून नाही. टोकं नीट बंद नसली की खारी ओल आत शिरते आणि पोलाद आतल्या आत खात राहते. त्यात वेल्डिंगच्या कडेचा भाग तापून-निवून कडक झालेला. तिथे हादरा बसला की तो वाकत नाही, तडकतो. त्या दिवसापासून बग्गीनाखवा खिशात छोटी हातोडी बाळगतो आणि दिसेल त्या लोखंडावर वाजवून कान लावतो. 'टण' वाजलं तर पाइप शाबूत, 'थप' वाजलं तर आतून गेलेला. कुणाच्याही घरी चहाला गेला की आधी गॅलरीचं ग्रिल वाजवतो. दोन घरांत लग्नाची बोलणी चालू असताना त्याने वराकडच्यांचा जिना 'थप' ठरवला होता. बोलणी मोडली नाहीत, पण पुढच्या बैठकीला त्याला कुणी बोलावलं नाही.

त्याच्या देव्हाऱ्यात एकवीरा आहे, आणि देव्हाऱ्याच्या किंचित खाली, मान राखून, ब्रूस मायर्सचा फोटो. मायर्स म्हणजे कॅलिफोर्नियाचा, होड्या बांधणारा माणूस. १९६४ साली त्याने फायबरग्लासची पहिली मँक्स बग्गी केली, पुढे जुन्या फोक्सवॅगन बीटलची चेसिसच आखूड करून त्यावर तसंच अंग चढवायला लोकांना शिकवलं, आणि १९६७च्या पहिल्या मेक्सिकन १००० या वाळवंटी शर्यतीत मँक्सच पहिली आली. होडीवाला माणूस बग्गी करतो आणि वाळवंट जिंकतो, एवढं दांड्यातल्या माणसाला पुरेसं आहे. अडचण एवढीच की तिकडे त्या काळी बीटल हे भंगार होतं, इकडे ते व्हिंटेज आहे. इथे कुणी बीटलची चेसिस कापायला काढली तर मालक आधी रडेल आणि मग किंमत सांगेल.

म्हणून मग कुर्ला. सीएसटी रोडवरच्या भंगाराच्या दुकानांत बग्गीनाखवा रविवारी असा फिरतो जसा एखादा माणूस सासुरवाडीत फिरतो: सगळे ओळखतात, चहा देतात, पैसे निघतील अशी आशा कुणालाच नसते. तिथे त्याचं पहिलं प्रेम जिप्सीची चेसिस. शिडीसारखी दोन लांब बीमची सांगाडा-चेसिस आणि चारही चाकांना पाटे. लष्कराने, पोलिसांनी आणि रॅलीवाल्यांनी हाणहाण हाणली तरी टिकलेली. पाट्याचं स्प्रिंग म्हणजे स्वस्ताईचा राजा: एक पान तुटलं तर एक पान बदला, बाकीची चालू. शिवाय पाटाच ॲक्सलला जागच्या जागी धरून ठेवतो, वेगळे आर्म नकोत. पण वजन! शर्यतीच्या बग्गीला हलकं अंग लागतं. त्यातही चाक, ॲक्सल असं जे स्प्रिंगच्या खाली लटकतं ते हलकं लागतं, नाहीतर चाक खड्ड्यातून बाहेर येईपर्यंत पुढचा खड्डा आलेला असतो. हे सगळं तो दुकानदाराला समजावून सांगतो. दुकानदार ऐकून घेतो आणि किलोचा भाव सांगतो. जड असणं हा त्याच्या दृष्टीने दोष नाहीच.

दुसरा मार्ग मारुती ८००चा. इंजिन तेच, पलंगाखालचं. त्या गाडीचं पुढचं सगळं, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, लोअर आर्म, स्ट्रट, एकगठ्ठा उचलून बग्गीच्या मागे बसवायचं. हा जुगाड जगभर चालतो आणि खरोखर स्वस्त आहे. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: ती चाकं मुळात पुढची, त्यांना वळायची सवय. टाय रॉड फ्रेमला पक्के बांधले नाहीत तर मागची चाकंही स्वतःच्या मर्जीने वळतात. त्याच्या पहिल्या बग्गीने चाचणीच्या वेळी हे करून दाखवलं होतं. पुढची चाकं डावीकडे, मागची उजवीकडे, आणि बग्गीनाखवा मध्ये, थेट सुकटीच्या ढिगात. शिवाय ८००चे स्ट्रट डांबरी रस्त्यासाठी घडवलेले. चाक वर-खाली जायला त्यांच्यात जागा थोडी. मोठ्या उडीत ते लगेच तळाला टेकतात आणि पुढचा हादरा मणक्याच्या नावावर जमा होतो. मणका, तो म्हणतो, कुर्ल्याला मिळत नाही.

भाचा इंजिनिअरिंगला गेला तेव्हा तिसरी वाट उघडली. कॉलेजांच्या संघांसाठी २००७ पासून पीथमपूरला बाहा नावाची स्पर्धा सुरू झाली. मुलांनी स्वतः एकट्या माणसाची बग्गी बांधायची, इंजिन सगळ्यांना एकसारखं, आणि शेवटी चार तास दगडमातीत पळवायची. नियमांच्या पुस्तकात पाइपसुद्धा ठरलेला: बाहेरचा व्यास २५ मिलिमीटर, जाडी ३, कार्बन निदान ०.१८ टक्के, किंवा तेवढाच भक्कम दुसरा. स्पर्धा संपली की त्या फ्रेम कॉलेजच्या वर्कशॉपमागे पडून राहतात. बग्गीनाखव्याने तशी एक फ्रेम मिळवली. हातोडी लावली, 'टण' वाजलं, डोळे भरून आले. पुढे डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म, चाक उभ्याचं उभं राहून वर-खाली जाणारं. स्वस्तात याहून काय हवं! घरी आणल्यावर कळलं की ती दहा घोड्यांच्या इंजिनासाठी केलेली आहे. ८००चं इंजिन आत बसवायचं तर ड्रायव्हरला बाहेर बसावं लागलं असतं.

यातच त्याचं सगळं अर्थशास्त्र आहे. स्वस्त फ्रेम मिळाली की तिला शोभेल असं महाग इंजिन लागतं. इंजिन जुनंच ठेवलं तर गिअरबॉक्सचे माउंट नवे. माउंट जुने तर फ्रेम कापा. मोटरसायकलचे शॉकअप स्वस्त म्हणून घेतले, तर चार खड्ड्यांनंतर आतलं तेल तापून फेसाळतं आणि शॉकअप हवा भरायच्या पंपासारखा हलका जातो. मग नायट्रोजन भरलेले घ्या. ते घेतले की बुश आणि बॉल जॉइंट त्यांच्यापुढे लाजतात. एकदा मी त्याला सुचवलं की सरळ नवा सीमलेस पाइप घेऊन चांगल्या मिस्त्रीकडून फ्रेम बांधून घे, या सगळ्याच्या निम्म्यात होईल. तो माझ्याकडे असा बघत राहिला जणू मी त्याला बाजारातून तळलेले बोंबील विकत आणायला सांगितले. विकत घेण्यात कसली शर्यत?

दरम्यान कॉलेजची फ्रेम अंगणात उभी राहिली आणि पाऊस संपून बोंबील वाळवायचे दिवस आले. एका सकाळी उठून बघतो तर त्याच्या काकीने तिच्यावर वरपासून खालपर्यंत बोंबील टांगलेले. वलांडीला बांबू मिळेना, म्हणाली, आणि ही चांगली मजबूत आहे. त्याने आरडाओरडा केला: मीठ, गंज, ०.१८ टक्के कार्बन. काकीने शांतपणे विचारलं, "ती बग्गी ना रं? नि घोरा कवा आनतंस?" "सदतीस घोडे पलंगाखाली आहेत," असं तो म्हणाला खरा, पण बोंबील उतरले नाहीत. वडिलांनी तर सस्पेन्शन या विषयालाच हात घातला नाही. आयुष्यभर लाटांवर उभा राहिलेला माणूस. त्यांच्या मते शॉकअप गुडघ्यात असतात आणि ते झिजल्यावर बदलून मिळत नाहीत, तेव्हा पोराने आधीच घरी बसावं.

बरं, बग्गी झाली तरी रस्त्यावर आणता येणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे कंपनीने केलेल्या गाडीतही मनासारखे बदल चालत नाहीत. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. मग पलंगाखालून निघालेल्या गाडीला नंबर कोण देणार? म्हणून ती कायम टेम्पोतून जाते. तिच्या आजवरच्या प्रवासातला मोठा भाग टेम्पोतलाच आहे, आणि तो तिने विनातक्रार केला आहे.

शेवटी परवा निर्णय झाला: जिप्सीच. वजन कमी करायला मागचे बीम भोकं पाडून हलके करायचे, पाट्यांची पानं कमी करायची, पुढे बघू. कुर्ल्याहून चेसिस निघाली, पैसे दिले गेले, दुकानदाराने देवाचे आभार मानले म्हणतात. टेम्पो दांड्याच्या नाक्यावर आला आणि तिथेच अडकला. गल्ली अरुंद. चेसिस उभी करून न्यायची तर वरच्या वायरी आडव्या, आडवी न्यायची तर भिंती. पोरं जमली, दोऱ्या आल्या, कुणीतरी होडी ओढतानाची आरोळी सुरू केली, काकीने अंगण मोकळं करायला साफ नकार कळवला. या सगळ्यात बग्गीनाखवा कुठे दिसेना. शोधलं तर टेम्पोखाली. नुसते पाय बाहेर.

आतून हातोडी वाजली. टण.

"ओ शेठ," टेम्पोवाला म्हणाला, "वेटिंगचे पैसे लागतील."

"लागू दे," आतून आवाज आला. "हे मागचे पाटे कुठल्या गाडीचे टाकलेत तुम्ही? विकायचेत का?"